काळजी वाटते म्हणजे श्रद्धा कमी पडते का?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



आजचं पान थोडं मोठं आहे. चहा घेऊन बसा. शक्य असेल तर घरात एकानं मोठ्यानं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं.

सुरुवात आमच्याच एका चुकीनं करतो. वेदगंगेच्या काठावर राहणाऱ्या आपल्या एक ताई आहेत. नाव-गाव सांगत नाही, पण त्यांना विचारूनच हे लिहितोय. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात त्यांच्या घरात पाणी शिरलं. दावणीची जनावरं सोडून, पोरांना घेऊन रात्रीच बाहेर पडावं लागलं. माणसं वाचली, घरही पुढं उभं राहिलं. मग २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. यमगर्णीजवळ महामार्गावरच पाणी आलं होतं, तुम्हाला आठवत असेल. तेव्हापासून दर पावसाळ्यात ताईंची झोप गेली. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की छातीत धडधड, हाताला घाम. रात्रीतनं चार-चारदा उठून दारात बॅटरी मारून बघायचं.

एका गुरुवारी आरती झाल्यावर त्यांनी हे सगळं बोलून दाखवलं. आणि आम्ही काय म्हणालो? "ज्याच्या पाठीशी गुरू उभे, त्याला कसली भीती? नाम कमी पडतंय बघा. माळ वाढवा." बोललो ते प्रेमानंच. ताईंनी माळ वाढवली, एकाच्या तीन केल्या. भीती काही गेली नाही. मग त्यांनी मनाशी हिशेब मांडला, की नाम घेऊनही भीती जात नाही म्हणजे माझं नामच खोटं, माझी श्रद्धाच खोटी. त्या सत्संगाला यायच्या बंद झाल्या. वर्षभरानं आमच्यातल्या दोघी त्यांच्या घरी गेल्या, तेव्हा ताई एवढंच म्हणाल्या, "पाण्याची भीती होतीच मला. तुम्ही त्यात पापाची भीती घातलासा."

त्या वाक्यावर आमच्याकडं उत्तर नव्हतं. म्हणून आज हा प्रश्न सगळ्यांसमोर ठेवतोय. काळजी वाटणं, घाबरणं, रडू येणं, राग येणं हा श्रद्धेतला दोष आहे का? आणि आपल्या माणसाला त्या वेळी "श्रद्धा ठेव" म्हणणं ही मदत आहे, की त्याचं ऐकून घ्यायचं टाळण्याची एक सोपी वाट?

आधी गीतेकडंच बघू. पहिल्या अध्यायाचं नावच अर्जुनविषादयोग. अर्जुन कोण? देवाचा सखा. देव स्वतः त्याचा रथ हाकतोय. यापेक्षा मोठा आधार कुणाला मिळणार? तरी त्या अर्जुनाचं तोंड कोरडं पडलं, अंग कापायला लागलं, काटा आला, अंगाची आग झाली, हातातून गांडीव गळालं, उभं राहवेना, डोकं गरगरायला लागलं. आज एखाद्या डॉक्टरांसमोर ही लक्षणं सांगितली तर ते लगेच म्हणतील, ही तीव्र चिंता आहे. देव शेजारी असताना अर्जुनाला हे झालं. मग आपल्याला झालं तर आपली श्रद्धा खोटी कशी?

आणि देवानं काय केलं? त्या अख्ख्या अध्यायात श्रीकृष्ण एखाद्या वाक्यापलीकडं बोलतच नाहीत. अर्जुन बोलतो, ते ऐकतात. दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला ते थोडं रागावून बघतात, की हे तुला शोभत नाही, ऊठ. त्यानं अर्जुन उठला का? नाही. तो पुन्हा आपलं दुःखच सांगतो, शरण येतो, आणि लढणार नाही म्हणून गप्प बसतो. उपदेश सुरू होतो तो त्यानंतर. म्हणजे साक्षात भगवंताच्या तोंडचं "ऊठ, हे सोडून दे" सुद्धा त्या क्षणी पुरेसं पडलं नाही. आपण मात्र पहिल्याच मिनिटाला तेच सांगतो आणि वर म्हणतो, ऐकत कसा नाही. शेवटी अठराव्या अध्यायात सगळं सांगून झाल्यावरही देव म्हणतात, यावर पुरता विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. जबरदस्ती नाही.

आता शरीराकडं बघू. शेतात पायाशी साप दिसला तर काय होतं? विचार करायच्या आत आपण मागं उडी मारतो. संकट दिसलं की शरीर अ‍ॅड्रेनलिन नावाचा स्राव रक्तात सोडतं. काळीज जोरात चालतं, रक्त हातापायांकडं धावतं, श्वास भरभर होतो, पोटाचं काम मंदावतं, तोंडाला कोरड पडते. पळायची किंवा लढायची ही तयारी. देवानं ही सोय दिली म्हणून माणूस जात टिकली. घोटाळा एवढाच, की साप नसला तरी, सापाच्या नुसत्या आठवणीनंही हीच घंटा वाजते. वाड्यावर एकदा चोर येऊन गेला की राखणीचं कुत्रं पुढं पानाच्या सळसळीलाही भुंकतं. म्हणून कुत्रं वाईट झालं का? ते आपलं काम करतंय. त्याला मारायचं नाही, हाकलायचं नाही, आणि ते भुंकलं म्हणून दर वेळी घर सोडून पळायचंही नाही. हात फिरवून शांत करायचं. ताईंच्या छातीतली धडधड म्हणजे हे भुंकणंच होतं. त्यात पाप-पुण्याचा संबंध नव्हता.

मग हात कसा फिरवायचा? पहिलं साधन श्वास. घाबरल्यावर श्वास वरवर आणि भरभर होतो. त्या वेळी पाय जमिनीवर नीट टेकवून बसावं, नाकानं सावकाश श्वास घ्यावा आणि घेतला त्यापेक्षा जास्त वेळ लावून सोडावा. पाच-सात मिनिटं. नाम सावकाश, लांबवून म्हटलं तर श्वास आपोआप असाच लांबतो, हे तुमच्यातल्या पुष्कळांनी अनुभवलंही असेल. म्हणजे नामाचा उपयोग आहेच. पण ते विसाव्यासाठी घ्यावं, परीक्षेसाठी नको. "एवढ्या माळा केल्या, आता भीती गेली का बघू" असं तपासत बसलं की नामसुद्धा एक नवी काळजी होऊन बसतं.

दुसरं साधन, कामाची भीती आणि बिनकामाची काळजी वेगळी करणं. नदीकाठच्या माणसाला पुराची भीती वाटणं अगदी योग्य आहे. ती भीती विचारते, "काय करायचं?" मग करावं. रेशन कार्ड, जमिनीचे कागद, बँकेचं पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर ठेवावं. जनावरं कुठं न्यायची ते ठरवून ठेवावं. उंचावरच्या नातेवाइकाला आधीच सांगून ठेवावं. एवढं झालं की त्या भीतीचं काम संपलं. त्यानंतरही रात्री दोनला जे डोक्यात फिरतं ती काळजी. तिला करायला काही काम नसतं, ती नुसती घिरट्या घालते. तिला एक वेळ नेमून द्यावी. संध्याकाळी सातला पंधरा मिनिटं वही घेऊन बसावं, मनात येईल ती सगळी काळजी लिहून काढावी आणि वही मिटावी. रात्री ती परत आली तर तिला सांगावं, उद्या सातला ये. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण समुपदेशन करणारे हा उपाय खरोखरच सांगतात, आणि आठ-दहा दिवस नेटानं केलं तर पुष्कळांना फरक पडतो.

तिसरं, पळायचं नाही. भीतीपासून जेवढं पळावं तेवढी ती मागं लागते. बाहेर जायची भीती वाटते म्हणून घरात बसलं की त्या दिवशी बरं वाटतं, पण मन धडा शिकतं, की घरात बसलो म्हणून वाचलो. दुसऱ्या दिवशी उंबरा आणखी उंच होतो. ताईंचं चारदा दार उघडून बघणंही तसलंच. बघितलं की दोन मिनिटं हलकं वाटायचं आणि मग पुन्हा बघावंसं वाटायचं. याला उपाय हळूहळू. चारचं तीनवर आणायचं, तीनचं दोनवर.

इथं अमेरिकेतल्या एका माणसाची गोष्ट सांगावीशी वाटते. अल्बर्ट एलिस त्यांचं नाव, जन्म १९१३ चा. तरुणपणी इतके लाजाळू की परक्या मुलीशी बोलायचं म्हटलं तरी जीभ टाळ्याला चिकटायची. १९ व्या वर्षी त्यांनी स्वतःवरच प्रयोग केला. महिनाभर रोज बागेत जायचं आणि बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की शेजारी बसून बोलायला सुरुवात करायची. अशा शंभरएक जणींशी ते बोलले. लग्न काही जमलं नाही, भीती मात्र गेली. कुणी ओरडलं नाही, कुणी पोलीस बोलावले नाहीत. मनानं जे भयंकर होईल म्हणून सांगितलं होतं त्यातलं काहीच झालं नाही.

हेच एलिस पुढं मोठे मानसतज्ज्ञ झाले आणि १९५५ च्या सुमारास त्यांनी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. मराठीत ती रुजवायचं काम कि. मो. फडके यांनी केलं. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेल्या मानसिक आरोग्याच्या संस्थेनंही हा विचार मराठी घराघरात नेला. विचार साधा आहे. घटना एक, तिच्याबद्दल आपली समजूत दुसरी, आणि मनाला होणारा त्रास तिसरा. आपल्याला वाटतं घटनेनं त्रास झाला. पण मधे समजूत बसलेली असते.

उदाहरण घेऊ. मुलगा पुण्याला कंपनीत. रात्री दहाला आईनं फोन केला, त्यानं उचलला नाही. एक आई म्हणते, "अपघात झाला असणार." तिचं काळीज पाणी पाणी. दुसरी म्हणते, "बायको आल्यापासून आई नको झाली." ती रागानं लाल. तिसरी म्हणते, "गाडीवर असेल, करेल मागनं," आणि झोपते. फोन एकच, पण तीन घरात तीन रात्री.

आणि एलिसांनी आणखी एक सांगितलं, ते आपल्या मराठीत एका अक्षरात मावतं. ते अक्षर म्हणजे "च". मुलानं फोन उचलावा, ही इच्छा. त्यानं फोन उचललाच पाहिजे, हा हट्ट. सुनेनं मला विचारावं, ही इच्छा. विचारल्याशिवाय पान हलताच कामा नये, हा हट्ट. इच्छा पूर्ण झाली नाही तर वाईट वाटतं, थोड्या वेळानं ओसरतं. हट्ट मोडला की मन जळत राहतं. हा "च" तीन ठिकाणी लागतो. माझं सगळं नीटच झालं पाहिजे. दुसऱ्यानं माझ्याशी चांगलंच वागलं पाहिजे. आणि जग मला सोपंच असलं पाहिजे. रात्री झोपताना दिवसभराचा त्रास आठवा आणि त्यातला "च" कुठं आहे तेवढा शोधा. इच्छा ठेवा, "च" काढा. आपल्याकडं विवेक म्हणतात तो याहून फार वेगळा नाही. समर्थांनीही मनाचे श्लोक रचून मनालाच समजावलं होतं.

पण इथं एक सावधगिरी. "सगळं तुझ्या मनातच आहे" असं दुसऱ्याला सांगायला या विचाराचा वापर करू नका. उसाचं बिल थकलं असेल, तंबाखूचा भाव पडला असेल, विड्या वळून कंबर गेलेल्या बाईला हातात पैसा मिळत नसेल, तर ती काळजी मनातली नाही, खरी आहे. १९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी निपाणीला शेतकरी महामार्गावर बसले, गोळीबारात माणसं गेली. त्यांना कुणी "समजूत बदला" म्हणालं असतं तर तो अन्याय झाला असता. अन्यायाशी लढायचंच. "च" काढल्यानं लढायचं बळ जात नाही. लढताना रात्रीची झोप तेवढी शाबूत राहते.

आता भावनांबद्दल. आपल्या सत्संगी घरांत एक गैरसमज आहे. साधकाला राग येऊ नये, असं आपण धरून चालतो. मग राग आला की आपण तो गिळतो आणि त्याला क्षमा असं नाव देतो. पण गिळलेला राग कुठं जातो? भांडी आपटण्यात जातो, दोन-दोन दिवसांच्या अबोल्यात जातो, पोरांच्या पाठीत जातो. साक्षीभाव म्हणजे राग नाही असं म्हणणं नव्हे. "आत्ता मला राग आलाय, छाती तापली आहे, हात शिवशिवतोय," एवढं आपल्याशी खरं बोलणं म्हणजे साक्षीभावाची पहिली पायरी. तुकोबांचं उदाहरण घ्या. दुष्काळात बायको गेली, मुलगा गेला, धंदा बुडाला. त्यांनी ते दुःख लपवलं नाही. देवाशी भांडले, रुसले, रडले, आणि तेही सगळ्यांसमोर. त्यांची श्रद्धा कमी होती असं म्हणायची कुणाची छाती आहे? क्षमा जरूर करावी. पण आधी काय लागलं, कुठं लागलं हे कबूल करावं, मग क्षमा करावी. जखम न बघता वरनं पट्टी बांधली तर आत पू होतो.

घरातल्या भांडणात याचा उपयोग कसा करायचा? चार गोष्टी लिहितो, आमच्याही घरात आम्ही अजून शिकतोच आहोत.

एक. रागाच्या भरात निकाल लावायला जाऊ नये. घरातल्या भांडणांचा पुष्कळ वर्षं अभ्यास करणारे अमेरिकेतले जॉन गॉटमन सांगतात, की एकदा माणूस तापला की शरीर निवायला निदान वीस मिनिटं लागतात. तोवर समोरच्याचं बोलणं कानात शिरतं, डोक्यात शिरत नाही. म्हणून "मी आत्ता तापलोय, अर्ध्या तासानं बोलू" असं सांगून उठावं. सांगून उठणं आणि दार आपटून जाणं यात फार फरक आहे. आणि अर्ध्या तासानं परत यावं, हे विसरू नये.

दोन. "तुम्ही नेहमीच", "तू कधीच" ही सुरुवात टाळावी. सून सासूला म्हणते, "आत्ती, तुम्हाला माझी किंमतच नाही." याला उत्तर भांडणच. त्यापेक्षा, "आत्ती, काल पाहुण्यांसमोर आमटीला नाव ठेवलात, मला वाईट वाटलं. चुकलं तर आपण दोघी असताना सांगा." एक घटना, आपल्याला काय वाटलं, आणि काय हवं. बस्स. सासूनंही हेच करावं. "हल्लीच्या पोरी" असं म्हणू नये. "तू न सांगता माहेरी गेलीस, मला काळजी लागली. पुढं सांगून जा" म्हणावं.

तीन. उत्तर द्यायच्या आधी समोरच्याचं म्हणणं एकदा आपल्या तोंडानं सांगावं. "म्हणजे वाटणीत तुला डावललं असं वाटलं, बरोबर ना?" तो "हो" म्हणेपर्यंत आपली बाजू मांडू नये. अण्णा-तम्मा बांधावरून दहा वर्षं बोलत नाहीत, त्यांच्यातला एक जरी एवढं बोलला तरी अर्धी गाठ सुटते. ऐकून घेणं म्हणजे मान्य करणं नव्हे.

चार. कशाला धरून बसलोय ते बघावं. अवधूतांच्या चोवीस गुरूंमध्ये कुरर पक्षी आहे. कुणी त्याला घार म्हणतं, कुणी टिटवी. त्याच्या चोचीत मांसाचा तुकडा होता म्हणून दुसरे पक्षी त्याला टोचत होते. त्यानं तुकडा टाकला आणि त्याच क्षणी मोकळा झाला. आपल्या भांडणातला तो तुकडा पुष्कळदा एवढाच असतो, की "शेवटचा शब्द माझा". फॅमिली ग्रुपवर रात्री बारापर्यंत टाईप करत बसतो ते त्या तुकड्यासाठीच. लिहिलेलं पाठवू नका. सकाळी वाचा. सकाळीही पाठवावंसं वाटलं तर फोन करा, मेसेज नको.

आणि एक ठामपणे सांगतो. मारहाण, धमकी, रोजची शिवीगाळ हे भांडण नव्हे. तिथं तुकडा टाकायचा नसतो, मदत मागायची असते. प्रारब्ध म्हणून सोसायला कुणी सांगत असेल तर तो गुरूंचा उपदेश नव्हे. महिलांसाठी १८१ हा नंबर आहे, तातडीला ११२.

आता डॉक्टरांचं. "गुरू असताना डॉक्टर कशाला?" असं आपल्यातले काही विचारतात. गुडघा दुखला की आपण कोल्हापूर-बेळगाव गाठतो, तिथं श्रद्धा आड येत नाही. मग मनालाच वेगळा न्याय का? दोन-दोन आठवडे झोप, जेवण, काम बिघडलं असेल, उगाच दम कोंडून मरणाची भीती वाटत असेल, दारू वाढली असेल, तर दाखवावं. आणि जगणं नको असं मनात येत असेल तर त्याच दिवशी दाखवावं. त्या माणसाला एकटं सोडू नये, आणि "असलं बोलू नको" म्हणून त्याचं तोंड बंद करू नये. "तुझ्या मनात मरायचा विचार येतो का?" असं सरळ विचारल्यानं तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही, उलट माणूस बोलता होतो. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, धारवाडला मानसिक आरोग्याची मोठी सरकारी संस्था आहे, निपाणीकरांना कोल्हापूर जवळ. सरकारचा टेलीमानस हा फोन १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६, पैसे लागत नाहीत, भाषा निवडता येते. आणि हात जोडून विनंती, सुरू असलेल्या गोळ्या कुणाच्याही सांगण्यावरून, अगदी गुरुबंधूच्या सांगण्यावरूनही, बंद करू नका. ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.

मग शरण जाणं म्हणजे काय उरलं, असं कुणी विचारेल. आम्हाला वाटतं, शरण जाणं म्हणजे भीती नसल्याचं नाटक करणं नव्हे. भीतीसकट, रागासकट, जसं आहोत तसं गुरूंच्या पायाशी बसणं म्हणजे शरण जाणं. आपल्या हातात आहे ते करायचं, हातात नाही ते त्यांच्यावर सोडायचं, आणि कुठलं कुठलं हे ओळखायला विवेक मागायचा. महाराजांकडं कुणी रडत आलं तर ते आधी पाणी द्यायला सांगायचे, मग ऐकायचे. बोलायचे सगळ्यात शेवटी. आम्ही त्यांच्याकडनं शेवटचं तेवढं शिकलो, पहिली दोन विसरलो.

त्या ताईंची आम्ही माफी मागितली. सगळ्यांसमोर केलेली चूक, म्हणून माफीही सगळ्यांसमोर, आरतीनंतर, त्याच जागी. त्या आल्या होत्या. नंतर त्यांनी डॉक्टरांना दाखवलं, काही महिने समुपदेशनही घेतलं. भीती पूर्ण गेली का? नाही. गेल्या पावसाळ्यातही त्या जाग्या व्हायच्या. पण रात्री नऊला एकदा पाणी बघायचं, भावाला फोन करायचा आणि आडवं व्हायचं, असं त्यांनी ठरवलंय. माळ एकच करतात आता. म्हणतात, "ती एक तरी माझी होते."

या आठवड्याचा अभ्यास एवढाच. घरात कुणी "मला भीती वाटते" किंवा "मला वाईट वाटलं" असं म्हणालं, तर पहिली दहा मिनिटं उपदेश नाही, उपाय नाही, स्वतःची गोष्ट नाही. पाणी द्यायचं, जवळ बसायचं आणि विचारायचं, "सांग, काय झालं?" दहा मिनिटांनी काय सुचतं ते बघा, आणि गुरुवारी येऊन सांगा.

हे पान घरच्या ग्रुपवर जरूर पाठवा. पण पाठवून झालं की फोन बाजूला ठेवा आणि शेजारी बसलेल्या माणसाकडं एकदा बघा.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥